फिकट पडलेल्या होडीचा जीर्णोद्धार

गच्चीवर वर्षानुवर्षें उन्हांत पडलेली प्लॅस्टिकची बादली आपण पाहिली असेलच. मूळची तांबडी, पण आतां फिकट गुलाबी; आणि बोट फिरविलें असतां हातास पांढरी भुकटी लागते. अमेरिका व कॅनडा या देशांतील नद्यासरोवरांवर चालणाऱ्या ‘कनू’ नांवाच्या होडीचीही कालांतरानें हीच गत होते. ही होडी दोन्ही टोकांस निमुळती असून एका पात्याच्या वल्ह्यानें चालवितात. तेथील मूळचे रहिवासी ती भूर्जवृक्षाच्या सालीची करीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती प्लॅस्टिकचीही होऊं लागली. अशा जुन्या होडीचें तेज परत कसें आणावें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यांतील पुष्कळ होड्या पॉलिएथिलीनच्या असतात. हा पदार्थ इ. स. १९३३ सालीं इंग्लंडांत विनिंग्टन येथें एरिक फॉसेट व रेजिनल्ड गिब्सन या रसायनशास्त्रज्ञांस प्रयोग करतां करतां अकस्मात् सांपडला. त्याचे रेणू लांबलचक सांखळ्यांसारखे असतात. सूर्यप्रकाशांतील अदृश्य जंबुपार किरण व हवेंतील प्राणवायु मिळून या सांखळ्या तोडतात. मग पृष्ठभाग ठिसूळ होऊन त्यास डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. आपल्या छपरांवरील पाण्याच्या टाक्या बहुधा काळ्या असतात, त्याचें एक कारण हेंच कीं, त्यांत मिसळलेली काजळी हे किरण स्वतःच गिळून टाकते.

होडी याच जातीची आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं तिच्या कडेची बारीकशी ढलपी काढून साबणाच्या पाण्यांत बुडवावी. पॉलिएथिलीन पाण्याहून हलकें असल्यामुळें वर येतें. ढलपी तळाशीं गेली, तर होडी निराळ्या पदार्थाची समजावी. तिला पुढील उपचार लागू नाहीं.

आतां रंग खरोखरच गेला आहे काय, तें पाहूं. होडीवर पाणी ओतावें. ओली असतां जुना रंग उजळून दिसला, तर रंग आंत शाबूत आहे. खडबडीत पृष्ठभाग प्रकाश चहूंकडे विखुरतो, म्हणून तो पांढुरका भासतो इतकेंच. कोरडा दगड भिजला म्हणजे गडद दिसतो, तसाच हा प्रकार होय. ओली असूनही ती फिकटच राहिली, तर उन्हानें रंगद्रव्यच नष्ट केलें असें समजावें. तें कोणत्याही लेपानें परत यावयाचें नाहीं.

पहिल्या प्रकारांत उपाय सोपा आहे. सौम्य साबणानें होडी धुवून वाळवावी. धारदार सरळ पात्यानें भुकटीचा पातळ थर हलक्या हातानें खरवडावा व उठलेले तंतु कापून टाकावे. नंतर उष्ण हवेच्या यंत्राचा झोत न थांबतां फिरविल्यास पृष्ठभाग किंचित् वितळून गुळगुळीत होतो. हें काम वडील माणसांनींच करावें. झोत एके ठिकाणीं क्षणभर अधिक राहिला, तरी होडी वांकडी होते. शेवटीं जंबुपार किरणांपासून रक्षण करणारा द्रव लावावा व तो वरचेवर लावीत जावा. तेल चोपडल्यानेंही होडी चमकते. परंतु तें भेगा भरून पाण्याचेंच काम करतें, व पुढें त्यावर धूळ बसते. साधा तैलरंग तर या गुळगुळीत पदार्थास नीट धरतच नाहीं, पोपडे होऊन निघतो.

परंतु या सर्वांआधीं एक गोष्ट अवश्य करावी. बैठकीजवळ व तळाशीं हातानें दाबून पाहावें. लवचीकपणा जाऊन बारीक भेगांचें जाळें दिसत असेल, तर ती होडी झिलई देऊन पाण्यांत लोटणें म्हणजे बसणाऱ्याच्या जिवाशीं खेळणें होय. झिलईनें डोळ्यांचें समाधान होतें. तुटलेल्या सांखळ्या कांहीं जुळत नाहींत.

होडी निर्दोष ठरल्यास ती सावलींत, जमिनीपासून उंच, पालथी ठेवावी. प्लॅस्टिक लांकडासारखें कुजून मातींत मिळत नाहीं; टाकून दिलेली होडी पिढ्यानुपिढ्या पडून राहते. म्हणून जी वस्तु वाचवितां येते, ती वाचविणें हें सुज्ञांचें कर्तव्य आहे. आणि जी वाचण्याजोगी नाहीं, ती चकाकवून दुसऱ्याच्या हातीं न देणें, हेंही तितकेंच मोठें कर्तव्य आहे.