कढईतल्या पाण्याचा हिशेब

चायनीजच्या गाडीवरचे नूडल्स सुटेसुटे, खमंग आणि किंचित धुरकट लागतात. तोच कोबी, तीच सिमला मिरची आणि तोच सोया सॉस घेऊन घरी केले की बहुतेकदा गिचका होतो. ‘ते सॉसमध्ये काहीतरी घालतात’ हा आपला लाडका संशय. पण खरा फरक बाटलीत नाही, कढईखाली आहे.

एक ग्रॅम पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला साधारण ३१५ ज्यूल उष्णता लागते. उकळत्या पाण्याच्या त्याच ग्रॅमची वाफ करायला मात्र आणखी २,२६० ज्यूल, म्हणजे सातपट! आता घरची शेगडी घ्या. मोठा बर्नर पूर्ण सोडला तरी कढईत उतरते ती जेमतेम दीड किलोवॅट आच. बाकीची कडेकडेने हवेत जाते. एवढ्यात मिनिटाला फार तर ४० ग्रॅम पाणी उडतं. कोबीत वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. चौघांची म्हणून अर्धा किलो भाजी एकदम टाकली आणि तिला दीडशे ग्रॅम पाणी सुटलं, तर ते आटवण्यातच जवळजवळ चार मिनिटं जातात. तोवर कढईतला ऐवज शंभर अंशांच्या आसपासच अडकून राहतो. आपण झारा हलवत असतो, पण भाजी परतली जात नसते. ती उकडत असते.

खमंगपणा मात्र त्याच्या वरच्या तापमानाला सुरू होतो. अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यात तापल्यावर जी अभिक्रिया होते, तिचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये केलं. पावाचा कडक पापुद्रा, भाजलेली कॉफी, भाकरीवरचे डाग, सगळी तिचीच करणी. स्वयंपाकाच्या वेळात ती जोर धरते साधारण १४० अंशांच्या पुढे. कढईत पाणी साचलं असेल तोवर तिथे पोचणं नाही.

दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगचे खवय्ये या खमंग-धुरकट चवीला ‘वोक हे’ म्हणतात आणि हॉटेलची परीक्षा तिच्यावरून करतात. तिथल्या भट्ट्या घरच्या बर्नरच्या दसपट किंवा त्याहूनही प्रखर असतात. पाणी सुटायचा अवकाश, त्याची वाफ झालेली असते. पण एवढ्या आचेवर अन्न करपायलाही वेळ लागत नाही, म्हणून ते सतत उडवत ठेवावं लागतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या हुंगटांग को आणि डेव्हिड हू यांनी तैवान आणि चीनमधल्या पाच आचाऱ्यांची ही हालचाल मोजली आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. फ्राइड राइस करताना आचारी सेकंदाला जवळजवळ तीन झोके देतात. कढई शेगडीच्या काठावर टेकवून एकाच वेळी पुढे-मागे सरकवायची आणि तिरपीही करायची; दाणे हवेत जातात, क्षणभर निवतात, पुन्हा तापल्या लोखंडावर पडतात. या कामाने आचाऱ्यांचे खांदे पार दुखावतात, हेही त्या अभ्यासामागचं एक कारण होतं.

आपली भाजी नेमकी उलट्या वाटेने जाते. झाकणावर पाणी ठेवून एक वाफ काढायची, म्हणजे भाजीला सुटलेलं पाणी आतच राहील. ही पद्धत गवारीला उत्तम, नूडल्सना घातक.

घरची आच वाढवता येत नाही. पाणी कमी करता येतं. नूडल्सपासून सुरुवात करा. उकळत्या पाण्यात पिठातले स्टार्चचे कण फुगतात आणि त्यातला काही भाग बाहेर पडून चिकट थर बनतो. म्हणून नूडल्स किंचित कच्चे असतानाच उपसावेत आणि गार पाण्याखाली धुवावेत. थर निघून जातो, शिजणंही थांबतं. मग चमचाभर तेल चोळून ताटात पसरा आणि अर्धा तास पंख्याखाली ठेवा. भाज्या धुतल्या की कापडावर कोरड्या करा. मीठ शेवटी घाला, कारण मीठ भाजीतलं पाणी ओढून काढतं. लोखंडी कढई रिकामीच तापवा, मग तेल घाला आणि त्याचा हलका धूर दिसू लागला की एका माणसापुरती भाजी टाका, मिनिटभरात काढून घ्या. कढई पुन्हा तापली की नूडल्स, मग भाजी परत.

सोया सॉस मधोमध ओतू नका. कढईच्या तापलेल्या कडेवरून गोल फिरवत सोडा. तिथे तो चर्र करतो, त्यातलं पाणी क्षणात उडतं आणि उरलेल्या शर्करा-अमिनो आम्लांना मेयारचा रंग चढतो. चमचाभर सॉसने एवढा फरक पडावा याचं नवल वाटेल, पण करून बघा. गाडीवर कढईत भडकणाऱ्या ज्वाळेची नक्कल मात्र घरी नको.

आणि हे सगळं नॉनस्टिकवर करू नका. त्यावरचा थर २६० अंशांच्या पुढे विघटित होऊ लागतो, आणि रिकामा पॅन मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तिथवर पोचतो.