टेक्सास स्वस्त, पण कोणासाठी?

कॅलिफोर्नियातल्या मराठी कुटुंबांत टेक्सासला जाण्याचा विषय निघाला की ‘तिकडे टॅक्सच नाही’ हे वाक्य हमखास येते. हाच सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

टेक्सास राज्य व्यक्तीच्या उत्पन्नावर कर घेत नाही, एवढे खरे. २०१९ मध्ये मतदारांनी राज्यघटनेतच तशी बंदी घातली. पण केंद्राचा आयकर कुठेच चुकत नाही, आणि शाळा, रस्ते, पोलीस यांचा खर्च टेक्सासलाही भागवावा लागतो. त्याचा मोठा भार घरपट्टीवर आहे. कॅलिफोर्नियात १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ने घरपट्टीचा मूळ दर १ टक्क्यावर बांधला. करासाठी धरलेली घराची किंमत तिथे वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. टेक्सासमध्ये राहत्या घराला ही मर्यादा १० टक्के आहे, आणि अनेक उपनगरांत एकूण दर २ टक्क्यांच्या आसपास जातो. राहत्या घराला सूट मिळते, तरीही पहिले बिल पाहून नवखा माणूस दचकतो.

मग ‘टेक्सास स्वस्त’ हेही खोटे का? नाही. ते स्वस्त आहे ते घरांच्या किमतींमुळे. कॅलिफोर्नियातल्या सरासरी घराच्या निम्म्याहून कमी पैशांत तिथे घर मिळते. हा फरक किती खोल आहे, ते गरिबीच्या आकड्यांत दिसते. साध्या सरकारी मोजमापात टेक्सासमधली गरिबी जास्त भरते. घरभाडे आणि सरकारी मदत धरून मोजले की कॅलिफोर्निया देशातल्या सर्वाधिक गरिबीच्या राज्यांत जाऊन बसते.

पण कष्टकऱ्याचे गणित वेगळे आहे. टेक्सासमध्ये किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर, कॅलिफोर्नियात २०२५ मध्ये १६.५० डॉलर. आरोग्य विमा नसलेल्यांचे प्रमाण टेक्सासमध्ये देशात सर्वाधिक आहे, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे गरिबांसाठीची मेडिकेड योजना या राज्याने वाढवलीच नाही. उत्पन्नकर माफ असल्याचा खरा फायदा मोठ्या पगारवाल्याला होतो. ही बाजू आपल्या बैठकांत क्वचितच निघते, आणि ती निघायला हवी असे मला मनापासून वाटते.

लोकसंख्येबद्दलही असेच गैरसमज आहेत. टेक्सास म्हणजे गोऱ्या काउबॉयांचा मुलूख, ही सिनेमातली समजूत. २०२० च्या जनगणनेत दोन्ही राज्यांत हिस्पॅनिक लोक ३९ टक्क्यांच्या वर होते. मोठा फरक आशियाई लोकांच्या प्रमाणात: कॅलिफोर्नियात सुमारे १५ टक्के, टेक्सासमध्ये ५ च्या आसपास.

कॅलिफोर्निया ओस पडत चालले आहे, हीही अतिशयोक्ती. त्या जनगणनेनंतर त्याची संसदेतली एक जागा इतिहासात प्रथमच कमी झाली आणि टेक्सासच्या दोन वाढल्या, हे खरे. तरी तेव्हा कॅलिफोर्नियात ३ कोटी ९५ लाख लोक होते, टेक्सासमध्ये २ कोटी ९१ लाख. २०२२ मध्ये सुमारे १ लाख लोक कॅलिफोर्नियातून टेक्सासला गेले, तर ४० हजारांहून अधिक टेक्सासमधून कॅलिफोर्नियात आले.

आता पुन्हा घराच्या खर्चाकडे. टेक्सासमध्ये घरपट्टीसोबत गारपीट आणि चक्रीवादळांमुळे घराचा विमाही महाग पडतो. तेव्हा घर पसंत पडले की त्या पत्त्याची घरपट्टी आधी काउंटीच्या संकेतस्थळावर पाहा, विम्याचा दर मागवा, आणि मगच हप्त्याचा हिशेब मांडा.