काउंटरच्या दोन्ही बाजूंना

महिन्याचे पहिले पाच-सहा दिवस गेले की किराणा सुपरमार्केटमधली बिलाची रांग दारापर्यंत पोहोचते. पगार झालेले असतात, महिन्याचं सामान एकदाच भरायचं असतं, आणि त्यातच शनिवार आला तर तेल, डाळी, साबणांनी भरलेल्या ट्रॉल्या एकमेकींना अडकतात. अशाच एका आठवड्यात कोथरूडमधल्या एका दुकानात, मालकांची परवानगी घेऊन, मी तीन नंबरच्या काउंटरमागे उभी राहिले. शेजारी पिशव्या भरून देणारा मुलगा आणि पुढे स्कॅनरपाशी, बसायची सोय नसलेल्या जागी, उभ्या असलेल्या कॅशियर ताई. ग्राहक आणि कॅशियर एकमेकांशी कसे वागतात, हे मला नीट पाहायचं होतं. एरवी आपण ते एकाच बाजूने पाहतो, आणि तेही घाईत.

इथला दिवस मोजण्याने सुरू होतो. सकाळी सुपरवायझर गल्ल्यासाठी ठरावीक रकमेचे सुट्टे देतात. ताई ते पुन्हा मोजतात आणि वहीत सही करतात. रात्री ही रक्कम बाजूला काढून उरलेली रोकड, कार्डाच्या चिठ्ठ्या आणि यूपीआयची बेरीज दिवसभराच्या बिलांशी जुळवायची असते. कमी भरली तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. पहिल्या ग्राहकाची नोट त्या डोळ्यांना लावून गल्ल्यात ठेवतात. ती भवानी. त्यानंतर रात्रीपर्यंत अशा सवडीने हाताळलेली नोट मला फारशी दिसली नाही.

काम बाहेरून एकसुरी वाटतं. वस्तू उचलायची, बारकोड शोधायचा, स्कॅनरसमोर धरायची, आवाज झाला की पलीकडे सरकवायची. जवळ उभं राहिलं की त्यातल्या अडचणी दिसतात. फ्रीजमधून आलेल्या दुधाच्या पिशवीला पाणी सुटलेलं असतं, ती फडक्याने पुसल्याशिवाय वाचली जात नाही. वेफर्सच्या पाकिटावरचा बारकोड सुरकुतलेला असतो, मग खालचे तेरा आकडे हाताने टाकायचे. त्यातले पहिले तीन बहुतेक वेळा ८९०, म्हणजे भारतात नोंदणी झालेला क्रमांक. शेवटचा आकडा आधीच्या बारा आकड्यांच्या हिशेबातून काढलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर यंत्र तो क्रमांक घेत नाही. एकाच साबणाच्या जुन्या आणि नव्या खेपेवर वेगळी एमआरपी असली की स्क्रीनवर दोन्ही किमती येतात, आणि ताई पाकीट उलटून छापील आकडा शोधतात.

या कामाला हातभार लावणारे ग्राहक लगेच ओळखू येतात. ते दहा किलोची कणकेची पिशवी ट्रॉलीतच राहू देतात आणि बारकोडची बाजू वर करतात. भाजीच्या पिशव्या वजनाचं स्टिकर लावूनच आणतात. काच किंवा अंडी असतील तर आधी सांगतात. त्यांच्यापैकी अनेक जण तोंडाने फारसं काही बोलत नाहीत. तरी ताईंच्या दृष्टीने दिवसातले सगळ्यांत सभ्य ग्राहक तेच. ‘ज्यांना माझे हात दिसतात ना, त्यांचं बिल करताना दमायला होत नाही,’ असं त्या म्हणाल्या.

बारकोडने या कामाचा वेग ठरवला. सुपरमार्केटच्या काउंटरवर तो पहिल्यांदा वाचला गेला २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय या गावी. वस्तू होती च्युइंगमचं एक पाकीट. त्याआधी कॅशियर प्रत्येक किंमत वाचून यंत्रात टाकत असे. आपल्याकडे तर वाण्याच्या दुकानात यादी मोठ्याने वाचली जायची, भाव विचारला जायचा, उधारीच्या वहीत आकडा चढायचा, आणि हे सगळं होताना दोन घरांची खुशाली कळायची. बारकोडने किंमत वाचण्याचं काम माणसाकडून काढून घेतलं. पण शंका, नकार आणि अडचण या तीन गोष्टी यंत्राला हाताळता येत नाहीत. त्या माणसाकडेच राहिल्या, आणि त्यासाठी मिळणारा वेळ मात्र कमी झाला. काउंटरवरच्या सौजन्याची खरी परीक्षा याच तीन ठिकाणी होते.

शंकेचं पाहू. पाचशेची नोट खरी आहे की नाही, हे तपासणं कॅशियरचं कामच आहे. पण ग्राहकासमोर ती उजेडात धरली की त्याच्या कपाळावर आठी येते, कारण आपल्यावर संशय घेतला असं त्याला वाटतं. ताई नोट उजेडात धरत नाहीत. मोजताना अंगठ्याने कागद चाचपतात आणि गल्ल्याकडे नेताना ती किंचित तिरपी करतात. खऱ्या नोटेतला सुरक्षा धागा तेवढ्यात हिरव्याचा निळा दिसतो. ग्राहकाला कळतही नाही. मग त्या स्पष्ट म्हणतात, ‘पाचशे घेतले.’ नोट लगेच आत टाकत नाहीत. मोड परत देईपर्यंत ती गल्ल्याच्या कडेला वेगळी ठेवतात. नंतर ‘मी पाचशेची दिली होती, तुम्ही दोनशेचे पैसे दिलेत’ असा वाद उभा राहिला तर दोघांचीही लाज राखणारी ती नोट समोर असते. स्वतःची जबाबदारी चोख पाळताना समोरच्याचा मान न दुखावण्याची ही रीत त्यांना कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेली नाही. त्यांनी ती कामातून घडवली आहे.

नकाराचा भाग अधिक कठीण, कारण तो बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा नाकारण्याची वेळ आली ती कॅशियरवर. २३ जून २०१८ पासून महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा ‘पिशवी मिळणार नाही’ हे सांगायला तीच पुढे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले, साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. पाकिटावर जुनी किंमत आणि बिलात नवी, हे कसं, ते रांगेतल्या एकेकाला समजावलं तेही तिनेच. निर्णय दिल्लीत किंवा मुंबईत होतात. ते लोकांच्या तोंडावर सांगण्याचं काम मात्र काउंटरवर होतं, आणि रागही तिथेच निघतो. दहा रुपयांच्या नाण्याचं उदाहरण घ्या. त्याची सगळी, म्हणजे चौदाही, रूपं वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं. तरीही मोड म्हणून ते दिलं की काही जण परत सरकवतात. ताई वाद घालत नाहीत. ‘चालतं हो काका, आम्ही पण घेतो. उद्या मलाच द्या,’ म्हणतात, आणि नाणं जातं.

तिसरी गोष्ट अडचण. त्या दिवशी संध्याकाळी एक तरुण आई लहान मुलाला कडेवर घेऊन आली. बिल तिच्या अंदाजापेक्षा दीडशे-पावणेदोनशे रुपयांनी जास्त झालं. तिने पर्समधले सगळे कप्पे पाहिले, फोन काढला, पुन्हा ठेवला. मागे सात-आठ माणसं होती. ताईंनी हातातलं काम थांबवलं, थोडं पुढे झुकल्या आणि हळू आवाजात विचारलं, ‘आज लगेच लागणारं काय काय आहे? बाकीचं मी बाजूला ठेवते.’ बिलातून वस्तू वगळायला सुपरवायझरची चावी लागते. एरवी त्यासाठी काउंटरवरून हाक मारली जाते. ताईंनी नुसता हात वर केला. मागच्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘दादा, मशिनचं थोडं चाललंय, एकच मिनिट.’ उशिराचा दोष त्यांनी यंत्रावर घातला. शाम्पू आणि बिस्किटांचा मोठा पुडा बाजूला गेला, तूरडाळ आणि दूध राहिलं, आणि ती बाई मान खाली न घालता बाहेर पडली. नंतर मी या प्रसंगाबद्दल विचारलं तर ताईंचं उत्तर एवढंच होतं, ‘रांगेत सगळे ऐकत असतात. हळू बोलायला मला काय जातं?’

अशा गोष्टी दिवसभर घडत होत्या. आजोबा यूपीआयचा पिन टाकू लागले की ताई मान वळवून पिशव्यांकडे पाहत. आजोबांचं बोट थरथरत होतं आणि पिन चुकत होता, तरी त्या ‘लवकर’ म्हणाल्या नाहीत. सॅनिटरी पॅडचं पाकीट आलं की कसलाही भाव चेहऱ्यावर न आणता ते साबणासारखंच पुढे सरकायचं. एकाचे पैसे खात्यातून गेले, पण दुकानाच्या यंत्रावर आले नाहीत. दोघांनाही स्वतःचं खरं वाटत होतं आणि दोघंही खरे होते. ताईंनी व्यवहाराचा क्रमांक लिहून घेतला, बिल बाजूला होल्डवर ठेवलं आणि पुढच्या माणसाचं काम सुरू केलं. थोड्या वेळाने पैसे आल्याचं यंत्राने जाहीर केलं. त्या गृहस्थांनी जाता जाता हात जोडले.

दुसऱ्या बाजूलाही पाहायला हवं. फोन कानाला लावून बिल करून घेणारे पुष्कळ असतात. ताई काही विचारतात, ते बोटाने थांबायची खूण करतात, आणि रांग थांबते. काही जण पैसे हातात न देता काउंटरवर टाकतात. त्या एकेक नोट उचलतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, कारण ते दिसू न देणं हाही कामाचाच भाग आहे. मोबाइल नंबर विचारल्यावर एक बाई संतापल्या. त्यांचा मुद्दा बरोबर होता. दुकानांनी नंबरची सक्ती करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच सांगितलं आहे. पण नंबर विचारायचा नियम ताईंनी केलेला नव्हता. आपला हक्क मागताना समोरची व्यक्ती आणि नियम करणारी व्यक्ती यांत फरक केला, तर हक्कही राहतो आणि माणूसही दुखावत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ साली ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकात विमानातल्या परिचारिका आणि कर्जवसुली करणारे कर्मचारी यांच्या कामाचा अभ्यास मांडला. एकांना हुकमावरून गोड वागावं लागतं, दुसऱ्यांना हुकमावरून कठोर, आणि दोघांच्याही मनावर त्याचा भार पडतो. कॅशियरला ही दोन्ही कामं एकाच जागी करावी लागतात. तिने हसतमुख राहायचं आणि तिनेच दुकानाचा एकेक रुपया सांभाळायचा. तिचं सौजन्य नोकरीच्या अटींमध्ये येतं. ते कमी पडलं तर तक्रार होते. ग्राहकाच्या सौजन्याची नोंद कुठेही होत नाही. म्हणूनच त्या मिनिटभराची भेट कशी होईल, हे माझ्या मते ग्राहकाच्या हातात जास्त असतं.

आणि मालकाच्याही. दुपारी तीनच्या सुमारास ताई एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकू लागल्या. त्यानंतर ते थांबलं नाही. काउंटरमागे बसायला काहीच नव्हतं. केरळमध्ये कोळिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेतल्या दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनी पी. विजी यांच्या पुढाकाराने याच प्रश्नावर लढा दिला. कामाच्या वेळात बसायला मिळावं, ही त्यांची मागणी होती. २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात तशी दुरुस्ती केली, आणि २०२१ मध्ये तमिळनाडूने. बिल करण्यासाठी उभंच राहावं लागतं असं काही नाही. युरोपातल्या अनेक देशांत कॅशियर बसूनच हे काम करतात आणि वेगाने करतात. उभं राहणं हे आदराचं लक्षण आहे, ही समजूत दुकानदारांची आहे, आणि आपण ग्राहकांनी ती कधी तपासून पाहिलेली नाही. दिवसभर दुखणाऱ्या पायांवर उभ्या असलेल्या माणसाकडून आपण हसरा चेहरा मागत असू, तर त्या सौजन्यात आपला वाटा काय, हे विचारायला हवं.

हा वाटा उचलणं अवघड नाही. बिलाच्या वेळी फोन बाजूला ठेवावा. जड पिशवी उचलायला लावू नये. पैसे हातात द्यावेत आणि मोड मोजून घेताना रांगेचं भान ठेवून एक पाऊल बाजूला व्हावं. पुढच्या माणसाला वेळ लागत असेल तर सुस्कारा टाकू नये, कारण त्याचे पैसे कमी पडत असतील. आणि पुढच्या वेळी काउंटरमागे स्टूल आहे का, ते पाहावं. नसेल तर मालकाला शांतपणे विचारावं, ‘यांना बसायला काही का नाही?’ कॅशियरने हाच प्रश्न विचारला तर ती कुरकूर ठरते. ग्राहकाने विचारला तर मालकाला उत्तर द्यावं लागतं.