हौद्यातलं बिऱ्हाड

लातूरहून बंगळूरला घर हलवायचं तर रेल्वेच्या जुन्या दिवसांत त्या सामानाला मिरजेत उतरावंच लागे. लातूर ते मिरज ही बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज, आणि मिरजेहून दक्षिणेला जाणारा मार्ग मीटरगेज. हमालांनी एका डब्यातलं सामान काढायचं, फलाटावर ठेवायचं आणि दुसऱ्या डब्यात भरायचं. घरातून बैलगाडीत, बैलगाडीतून डब्यात, डब्यातून डब्यात, तिथून पुन्हा गाड्यावर आणि शेवटी नव्या घरात, असे कपाटाला पाच वेळा हात लागत. ट्रकने या पाचाचे दोन केले. जुन्या दारात भरायचं, नव्या दारात उतरवायचं. या देशातल्या नोकरदार माणसाचं अख्खं घर, लंगडं स्टूल आणि तुळशीची कुंडी धरून, हजार-दीड हजार किलोमीटर हलू लागलं ते ट्रकमुळे, आणि बहुतेक वेळा जुन्या ट्रकमुळे. नवी गाडी परवडत नाही म्हणून लोक जुनी घेतात, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो पटत नाही. घरसामानाचं वजन, त्याला नसलेली घाई आणि त्याचं भाडं या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या, तर हे काम जुन्या ट्रकला नेमकं साजेसं होतं असं दिसतं. आता हवेच्या आणि सुरक्षेच्या कारणांनी जुन्या गाड्यांना रस्ता सोडावा लागतो आहे आणि तो सोडायलाच हवा. पण त्यांच्या जागी येणाऱ्या गाडीत कोणते गुण उतरले पाहिजेत, हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही.

यंत्रापासूनच सुरुवात करू. १९४५ साली जमशेदपूरला रेल्वे इंजिनांसाठी स्थापन झालेल्या टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि त्याच वर्षी तिचा पहिला ट्रक कारखान्याबाहेर पडला. करार १५ वर्षांचा होता. १९६९ मध्ये तो संपला, जाळीवरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि तिथे टाटांचं ‘टी’ आलं. घाट त्या जर्मन गाडीचाच राहिला, मात्र पुढच्या दोन-तीन दशकांत तो इथल्या हातांनी पूर्ण आपलासा केला. ‘१२१०’ हे त्या घराण्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. मालासकट एकूण वजन १२ टन आणि ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास, असा त्या आकड्यांचा अर्थ. इंजिनांची नावंही अशीच सरळ. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९२ मिलिमीटर. ६९७ म्हणजे ९७. डिझेल पुरवणारा पंप पूर्ण यांत्रिक. असे पंप बनवणारी, १९५१ मध्ये स्थापन झालेली मायको कंपनी बंगळूरला होती, आणि पंप खोलून बसवणारे कारागीर पुढे प्रत्येक जिल्ह्याच्या गावी तयार झाले. या इंजिनात कुठेही संगणक नव्हता. हवा, डिझेल आणि सुरू करण्यापुरती बॅटरी एवढं असलं की ते चाले. बॅटरीने मान टाकलीच तर ढकलूनही चालू करता येई.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की कारखाना पूर्ण ट्रक विकतच नसे. विकत मिळे ती चासी, इंजिन आणि पुढचा थोडा पत्रा. केबिन आणि हौदा बांधून घ्यायचा तो सुतार-लोहारांकडून. पंजाबात सरहिंद, तमिळनाडूत नामक्कल आणि तिरुचेनगोडे ही गावं या बांधणीसाठी नावाजली. फळ्या कुठल्या लाकडाच्या, फाळका किती उंच, केबिनच्या टपावर सामानासाठी जागा किती, हे मालक आणि मिस्त्री मिळून ठरवत. जी गाडी गावात बांधली जाते ती गावात दुरुस्तही होते. तुटलेली फळी, वाकलेला कोन, निखळलेलं बिजागर यांसाठी कंपनीचा सुटा भाग मागवावा लागत नाही. १९८६ मध्ये टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्याने ४०७ आणली ती डीसीएम टोयोटा, आल्विन निस्सान, आयशर मित्सुबिशी, स्वराज माझदा अशा चार जपानी भागीदाऱ्यांशी सामना करायला. स्पर्धकांपैकी काही नावं लवकरच पुसली गेली, ४०७ मात्र टिकली. तिच्या टिकण्याचं श्रेय मी तिच्या वेगाला देणार नाही. कुठल्याही नाक्यावरच्या मिस्त्रीला ती कळत होती, हे मला मोठं कारण वाटतं. छोट्या कुटुंबाचं सामान न्यायला हीच गाडी पुढे सर्वत्र दिसू लागली.

आता वजनाकडे वळू. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारने २०१७ मध्ये ठरवलेल्या नियमांत बदलीवर किती सामान सरकारी खर्चाने न्यायचं याची मर्यादा आहे. वेतनस्तर ६ आणि त्यावरच्यांना ६,००० किलो, स्तर ५ ला ३,००० आणि त्याखालच्यांना १,५०० किलो. म्हणजे सरकारी हिशेबातलं मोठ्यात मोठं घरही सात टनांच्या आसपास माल वाहणाऱ्या १२१० ला पुरतं भरत नाही. वजनाने भरत नाही, पण आकाराने भरतं. गाद्या, खुर्च्या, पलंगाच्या फळ्या, रिकामं कपाट, सायकल हे सगळं जागा खातं आणि काट्यावर थोडंच उतरतं. म्हणून सिमेंट किंवा लोखंड पाठवणारा व्यापारी गाडी टनांत मागतो, तर घर हलवणारा फुटांत विचारतो: १४ फुटी, १७ फुटी की १९ फुटी? ज्या इंजिनाची दमछाक पूर्ण भाराने खंबाटकी चढताना होते, ते अर्ध्या भाराने तोच घाट आरामात चढतं. नव्या गाडीच्या मालकाला कर्जाचा हप्ता असतो. त्याला भरलेला हौदा आणि वेळेत फेरी, दोन्ही हवं असतं. हप्ते फिटलेल्या गाडीच्या मालकाला हलका भार आणि कमी भाडं चालून जातं. आणि घरसामान द्राक्षांसारखं नासत नाही. एक दिवस उशीर झाला तर माणसांची गैरसोय होते, माल टिकतो.

यात परतीच्या गाडीचा हिशेब मिसळला की चित्र पूर्ण होतं. नाशिकचा कांदा घेऊन उत्तरेला गेलेली गाडी रिकामी परतली तर डिझेल, टोल आणि चालकाचा भत्ता मालकाच्या अंगावर पडतो. तिथल्या ट्रान्सपोर्ट नगरातल्या दलालाकडे नाशिक-पुण्याकडे येणारं बिऱ्हाड असेल तर मालक ते एकेरी भाड्याच्या बऱ्याच खाली उचलतो, कारण गाडी घरी न्यायचीच असते. बदली झालेल्या कुटुंबाला परवडणारं भाडं मिळतं ते या रिकाम्या परतीमुळे. देशातले बहुसंख्य ट्रकमालक हातावर मोजण्याइतक्या गाड्यांचे धनी आहेत. मालक स्वतःच चालक असणंही नवं नाही. अशा माणसाला एकेका फेरीचं भाडं स्वतः ठरवता येतं, आणि घरसामानाच्या बाजाराला लागणारा लवचीकपणा यातूनच आला.

यावर पहिला आक्षेप मोडतोडीचा, आणि तो खरा आहे. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांची बांधणी पूर्ण भार गृहीत धरून केलेली असते. भार कमी असेल तर पाटे कडक राहतात, खड्ड्याचा दणका गिळत नाहीत आणि तो थेट हौद्यात पोचतो. म्हणजे घरसामान हलकं असण्याचा जो फायदा इंजिनाला, तोच तोटा काचेच्या भांड्यांना. याचं उत्तर भरणाऱ्यांच्या हातात असतं, आणि त्यांच्या कौशल्याला आपण द्यायला हवा तेवढा मान दिलेला नाही. जड वस्तू केबिनच्या भिंतीला लागून: लोखंडी कपाटं, उभा फ्रीज, पुस्तकांची खोकी. मागच्या चाकांच्या मागे लोंबणारा भाग सर्वांत जास्त उसळतो, म्हणून फाळक्याजवळ काच किंवा टीव्ही ठेवायचा नाही. तिथे बादल्या, कुंड्या, पोती. भांडी पिंपात, पिंपाच्या पोकळीत टॉवेल आणि चादरी. गाद्या बांधून नुसत्या टाकायच्या नाहीत, त्या दोन कपाटांच्या मधे उभ्या सरकवायच्या. मोकळी जागा हा भरणाऱ्याचा मुख्य शत्रू. जिथे बोटभर फट राहते तिथे हजार किलोमीटरमध्ये घासून रंग जातो. म्हणून गोणपाट, जुन्या गोधड्या, पेंढा, हाताला येईल ते कोंबून फट बुजवायची, वरून दोर आडवा-तिडवा ओढायचा आणि मग ताडपत्री. गॅसची टाकी गाडीत चढवायची नाही, ती जमा करून पावती घ्यायची. स्कूटरमधलं पेट्रोल काढायचं. सैन्यातल्या कुटुंबांच्या काळ्या लोखंडी पेट्या, पांढऱ्या रंगाने नाव-क्रमांक लिहिलेल्या, याच शहाणपणातून आल्या. त्या ठरावीक आकाराच्या असतात, एकावर एक बसतात आणि नव्या घरात दिवाण म्हणूनही चालतात. नीट भरलेलं सामान जुन्या ट्रकमधूनही धड पोचतं आणि वाईट भरलेलं नव्या बंद कंटेनरमध्येही फुटतं. कंटेनर पाऊस आणि चोरी अडवतो, आतला दणका अडवत नाही.

दुसरा आक्षेप विश्वासाचा. अनोळखी चालकाच्या हाती संसार सोपवायचा कसा? लोकांना वाटतं त्यापेक्षा कायदा इथे जुना आणि भक्कम आहे. १८६५ च्या कॅरिअर्स ॲक्टमध्येच असं तत्त्व होतं की माल हरवला किंवा खराब झाला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचं ओझं मालाच्या मालकावर नाही. २००७ चा नवा कायदा १ मार्च २०११ पासून लागू झाला आणि त्यानेही हे तत्त्व राखलं. बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या पावतीवर, ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असा शिक्का मारला म्हणून वाहतूकदार निष्काळजीपणातून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केलं आहे. पण नव्या व्यवस्थेत एक मेख आहे. मालाची जास्त किंमत आधी लिहून दिली नसेल तर भरपाई भाड्याच्या दहा पटींपर्यंतच मिळू शकते. भाडं ४०,००० असेल तर मर्यादा चार लाख. तसंच नुकसानीची लेखी नोटीस माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. म्हणून बिल्टी आणि तिला जोडलेली सामानाची यादी हे या प्रवासातले सर्वांत मोलाचे कागद. यादीत ‘खोकी १५’ एवढंच लिहिलेलं असेल तर खोक्यात काय होतं हे पुढे कोणी सिद्ध करू शकत नाही. स्वस्त दर सांगून सामान गाडीत चढल्यावर वाढीव पैसे मागणारे लोक या धंद्यात आहेत, आणि त्यांचा निभाव लागतो तो पक्की बिल्टी न मागणाऱ्या गिऱ्हाइकावर. एक अडथळा मात्र नक्की दूर झाला. महाराष्ट्रात शहराच्या वेशीवर जकात नाक्याला गाड्या खोळंबत. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर संपली. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातूनही सूट आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड, आणि त्याच्यापुढे मी मान तुकवतो. जुनी गाडी धूर ओकते. २००० साली आपल्याकडे लागू झालेल्या पहिल्या टप्प्याच्या मानकात जड डिझेल इंजिनाला प्रति किलोवॉट-तास ०.३६ ग्रॅम सूक्ष्म कण सोडण्याची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये ती ०.०१ आहे. छत्तीस पटींचा हा फरक रस्त्याकडेला राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांत मोजला जातो. राष्ट्रीय परवान्याच्या नियमानुसार साधा ट्रक १२ वर्षांपर्यंतच राज्याबाहेर या परवान्यावर चालू शकतो, जास्त आसांच्या गाडीला १५ वर्षं. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली. म्हणजे आज बिऱ्हाड घेऊन राष्ट्रीय परवान्यावर राज्याची सीमा ओलांडणारी ‘जुनी’ गाडी कायद्याने जास्तीत जास्त बारा-पंधरा वर्षांचीच असू शकते, आणि हे योग्य आहे. वीस वर्षांच्या १२१० ला आठवणींच्या प्रेमापोटी सवलत मागणं हा दुसऱ्याच्या श्वासावरचा हक्क सांगण्यासारखा प्रकार होईल.

मग जपायचं काय? हप्ते फिटल्यावरही आठ-दहा वर्षं विश्वासाने चालणारी, रस्त्यात बंद पडली तर जवळच्या गावात उघडता येणारी आणि एकदोन गाड्यांच्या मालकाला पेलणारी गाडी. बीएस-६ ट्रकच्या एक्झॉस्टमध्ये युरियाचं द्रावण सोडावं लागतं आणि ठिकठिकाणी सेन्सर असतात. एखादा बिघडला तर इंजिन आपली ताकद स्वतःच कमी करतं. दोष ओळखायला कंपनीचं निदानयंत्र लागतं आणि महामार्गावरच्या साध्या गॅरेजकडे ते नसतं. घर वाहणाऱ्या गाडीला हा धोका जास्त बोचतो, कारण मागे बसून राहिलेलं सामान म्हणजे नव्या गावात जमिनीवर झोपणारी माणसं आणि शाळेच्या पहिल्या दिवशी दप्तराविना मुलं. काही जण म्हणतात, हे मोठ्या कंपन्यांवर सोडा, त्यांच्याकडे नव्या गाड्या आणि स्वतःच्या कार्यशाळा आहेत. मोठ्या शहरांपुरतं ते खरं आहे. पण बँकेची, वीजमंडळाची, शाळेची बदली गडचिरोलीला किंवा सिंधुदुर्गातही होते, आणि तिथून परतीचा माल शोधणारा छोटा मालकच परवडणारं भाडं सांगू शकतो. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही घेतलं आहे. ट्रकचे दोष-संकेत, निदानयंत्रं आणि सुट्या भागांचे क्रमांक महामार्गावरच्या कुठल्याही गॅरेजला रास्त दरात मिळतील, इथपर्यंत ते काम न्यायला हवं. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिक वर्गात पाने आणि जॅकच्या शेजारी तो निदानसंच प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती यायला हवा, आणि वापरलेली बीएस-६ गाडी घेणाऱ्या छोट्या मालकाला बँकेने नव्या गाडीच्याच व्याजदराने कर्ज द्यायला हवं.