कॉलम क्रोमॅटोग्राफी: ॲल्युमिना अधिशोषकाची निवड

मिश्रण कॉलमवर घातले, द्रावक बदलून पाहिले, तरी अपेक्षित पदार्थ खाली आलाच नाही. किंवा वेगळाच पदार्थ मिळाला. अशा वेळी अनेकदा दोष ॲल्युमिनाच्या निवडीत असतो.

अधिशोषण का होते?
ॲल्युमिनाच्या (Al₂O₃) पृष्ठभागावरील ॲल्युमिनियम केंद्रे इलेक्ट्रॉन-जोडी स्वीकारतात, तर ऑक्साइड व हायड्रॉक्सिल गट आम्लधर्मी हायड्रोजनला आकर्षित करतात. म्हणून रेणू जितका ध्रुवीय, तितका तो घट्ट धरला जातो. सर्वसाधारण क्रम असा:
अल्केन < ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन < ईथर < एस्टर < कीटोन < अल्कोहोल < कार्बोक्झिलिक आम्ल

प्रकार
१. आम्लारिधर्मी (पीएच सुमारे 10): हायड्रोकार्बन व अमाइन यांसाठी.
२. उदासीन (पीएच सुमारे 7): अल्डिहाइड, कीटोन, एस्टर यांसाठी.
३. आम्लधर्मी (पीएच सुमारे 4): आम्लधर्मी पदार्थांसाठी.

आम्लारिधर्मी ॲल्युमिनावर कार्बोक्झिलिक आम्ले अडकून बसतात, एस्टरचे जलापघटन होऊ शकते आणि अल्डिहाइड-कीटोनांचे अल्डॉल संघनन होऊ शकते. ॲसिटोन द्रावक म्हणून वापरल्यास त्याचेच डायॲसिटोन अल्कोहोल बनू शकते.

सक्रियता
पाण्याचे रेणू पृष्ठभागावरील जागा व्यापतात. त्यामुळे पाणी वाढले की सक्रियता घटते. ब्रॉकमन श्रेणी I ते V मध्ये पाण्याचे प्रमाण अनुक्रमे 0, 3, 6, 10 व 15 टक्के असते. श्रेणी III हवी असल्यास 94 ग्रॅम श्रेणी I मध्ये 6 ग्रॅम पाणी घाला, गुठळ्या मोडेपर्यंत बंद बाटलीत हलवा आणि काही तास ठेवा. उघड्या बाटलीतील ॲल्युमिना हवेतील बाष्प शोषतो, म्हणून लेबलवरील श्रेणीवर विसंबू नका.

उदाहरण
फेरोसीन व ॲसिटिलफेरोसीन यांचे मिश्रण घ्या. हेक्झेनबरोबर फेरोसीनचा पिवळा पट्टा आधी उतरतो. ॲसिटिलफेरोसीनमधील कार्बोनिल गट ॲल्युमिनाला धरून राहतो, म्हणून त्याचा नारिंगी पट्टा वरच थांबतो. हेक्झेनमध्ये ईथरचे प्रमाण हळूहळू वाढवले की तोही खाली सरकतो. दोन्ही पट्टे रंगीत असल्याने विलगीकरण डोळ्यांनी पाहता येते.

दक्षता
कॉलम कोरडा पडू देऊ नका. भेगा पडून पट्टे एकमेकांत मिसळतात. नमुना कमीत कमी द्रावकात विरघळवून घाला. ॲल्युमिनाची भुकटी श्वासावाटे जाऊ नये, यासाठी ती धूम्रकक्षातच हाताळा.

स्वाध्याय: बेंझॉइक आम्ल व नॅप्थालीन यांचे मिश्रण आम्लारिधर्मी ॲल्युमिनावर घातल्यास कोणता पदार्थ आधी मिळेल? दुसऱ्याचे काय होईल? कारणासह लिहा.