घरगुती आरशातील अबिंदुकता

घरी घासलेल्या दुर्बिणीच्या आरशाची परीक्षा बहुधा पात्याच्या धारेने करतात. फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यांनी १८५८ साली काढलेल्या या रीतीइतकी स्वस्त व सूक्ष्म परीक्षा क्वचितच असेल. परंतु आरशाची वक्रता एका व्यासावर कमी व त्याला काटकोनात असलेल्या व्यासावर अधिक असेल, आणि धार त्यांपैकी एकीला समांतर असेल, तर छाया नेहमीसारखीच दिसते. हा दोष म्हणजे अबिंदुकता.

तो पकडण्यास नेत्रिका हवी. आरशाचे केंद्रांतर १२० सेंटिमीटर असल्यास त्याच्या दुप्पट, म्हणजे २४० सेंटिमीटरवर, सुईच्या अग्राएवढे प्रकाशित छिद्र ठेवावे व त्याला खेटूनच नेत्रिकेतून प्रतिमा पाहावी. नेत्रिका किंचित पुढे नेता चकती उभट व मागे घेता आडवी झाली, तर संशयास जागा आहे.

मात्र काचेला दोष देऊन आठवड्यांची मेहनत मोडण्याची घाई नको. आरसा जागच्या जागी अष्टमांश फेरा फिरवावा. लंबवर्तुळही तितकेच कलले, तर दोष काचेचा. ते तसेच राहिले, तर आरसा आधारात आवळला गेला असेल, छिद्र नेत्रिकेपासून फार दूर असेल, किंवा दोष पाहणाऱ्याच्या डोळ्यात असेल; मान कलती केल्यास तेही कळते. (ज्योतिर्विद एअरी यांनी १८२५ साली स्वतःच्या डाव्या डोळ्यातील हाच दोष वर्णिला होता.)

काचच सदोष ठरली, तर नुसत्या पॉलिशने सहसा भागत नाही; पुन्हा बारीक भुकटीने घासणे आले. त्या वेळी काचेखालचे अस्तर सपाट असावे, आणि काच त्यावर वरचेवर फिरवून ठेवावी.