गाडीच्या दारात पाणी खळखळतंय?

तीन दिवसांची संततधार जरा थांबली होती. गाडीचं मागचं डावं दार उघडलं आणि अर्धा भरलेला हंडा डुचमळावा तसा आतून आवाज आला. लावलं, तर पुन्हा तोच. शेजारच्या काकांनी सांगितलं, "काचेची बीडिंग गेली. बदलून घ्या, नाहीतर पाणी जातच राहणार." दोनच महिन्यांपूर्वी, पत्र्याला गंज धरू नये म्हणून, एका गॅरेजमधून मी खालून कोटिंग मारून घेतलं होतं. दाराच्या तळाशी बोट फिरवलं तेव्हा कळलं, की त्या डांबरासारख्या काळ्या थराने पाणी बाहेर पडायच्या फटीच लिंपून टाकल्या आहेत. खराट्याचा एक हीर घेऊन पहिली फट मोकळी केली, आणि तांबडं पाणी मनगटावरून धार धरून वाहू लागलं. बादली आणेपर्यंत बरंचसं जमिनीत मुरलं, तरी पाव बादली भरलीच.

काकांसारखंच बहुतेकांना वाटतं, की गाडीचं दार आतून कोरडं असतं आणि पाणी शिरलं म्हणजे काहीतरी बिघडलं. तसं नाही. काच वर-खाली सरकायची तर काच आणि पत्रा यांच्यात फट ठेवावीच लागते. त्या फटीवरची रबरी पट्टी काचेला नुसती टेकलेली असते. ती आवळून बसवली तर काच हलणार नाही. ती बरंचसं पाणी आणि कचरा बाहेर ठेवते, सगळं नाही. काचेवरून ओघळणारं थोडं पाणी दारात उतरतंच, आजच शोरूममधून निघालेल्या गाडीतही. पट्टी फाटली असेल, कडक होऊन काचेपासून सुटली असेल, तर जरूर बदला. पण नवी पट्टी घातली म्हणून दार कोरडं राहणार नाही. आणि काचेच्या कडेने सिलिकॉन भरणं तर थेट नुकसानीचं. काच अडकते आणि मोटरवर ताण येतो.

गाडी बनवणाऱ्यांनी हे पाणी धरूनच दाराची बांधणी केलेली असते. दार म्हणजे मुळात दोन पत्रे. बाहेरचा पत्रा तळाशी आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो, करंजीची कड दुमडावी तसा. त्या दुमडीलगत लहान भोकं किंवा लांबट फटी ठेवलेल्या असतात. दार लावलेलं असताना त्या दिसत नाहीत. उघडून उकिडवं बसलं की दिसतात. काही गाड्यांत त्यांवर छोटी रबरी झडप असते. धूळ अडवायला ती लागते, काढून टाकू नका. आणि दाराच्या आतल्या बाजूला, आपण कोपर टेकतो त्या पॅडच्या मागे, प्लॅस्टिकचा किंवा फोमचा पातळ पडदा चिकट पट्टीने डकवलेला असतो. पडद्यापलीकडे ओलं, अलीकडे कोरडं, अशी ही वाटणी आहे.

काच चढवणारी यंत्रणा आणि लॉक ओल्या बाजूलाच असतात. अंगावर शिंतोडे उडाले तर त्यांचं काही बिघडत नाही. मात्र पाण्यात बुडून राहण्यासाठी ती बनवलेली नसतात. तळाच्या फटी तुंबल्या की पाण्याची पातळी चढते, ते जोडण्यांपर्यंत पोचतं, आणि मग एके दिवशी काच अर्ध्यावर अडकते किंवा लॉक ऐकेनासं होतं.

आता दुसरा समज, आणि हा पहिल्याहून घातक: रस्त्यावर साचलेलं पाणी या भोकांतून आत येतं, तेव्हा ती बुजवून टाकावीत. एम-सील भरलेली दारं मी स्वतः पाहिली आहेत. रस्त्यावरचं पाणी दाराच्या तळाच्या वर गेलं तर भोकांतून शिरतं, हे खरं. पण तेवढ्या पाण्यात उभ्या गाडीला शिरकाव करायला इतर जागा पुष्कळ असतात. पाणी ओसरल्यावर बाहेर पडायची वाट मात्र हीच एक. ती बंद केली, तर पुढच्या प्रत्येक सरीचं पाणी दारातच मुक्काम करतं.

"उन्हात उभी करा, सुकेल" हेही नेहमी ऐकू येतं. पाणी आटतं, पण गाळ राहतो. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांनी दाराच्या तळाशी काय साठतं ते एकदा पाहावं. ती बारीक पानं काचेच्या फटीतून सहज उतरतात, मातीत कालवली जातात आणि भोकाच्या तोंडाशी त्यांचा लगदा बसतो. कोकणात किनाऱ्यावर गाडी लावली की हेच काम सुरूच्या काड्या करतात, जोडीला जांभ्याची तांबडी माती. हा लगदा ओल्या फडक्यासारखा पत्र्याला चिकटून राहतो. गंज म्हणूनच आतून सुरू होतो, आणि आपल्याला दिसतो तो सगळ्यात शेवटी, दाराच्या खालच्या कडेला रंगावर फोड येतात तेव्हा. तोवर पत्रा खाल्लेला असतो. वर पुट्टी मारून रंग दिला तर दार काही दिवस छान दिसतं. आतली ओल गेली नसेल तर फोड त्याच जागी परत येतात. खाऱ्या हवेत हे सगळं आणखी लवकर होतं.

भोकं साफ करायला स्क्रू-ड्रायव्हर वापरू नका. कडेचा रंग खरवडला जातो आणि गंजाला आयती सुरुवात मिळते. खराट्याचा हीर, लाकडी काडी किंवा प्लॅस्टिकचा केबल टाय पुरतो. "एक नवीन भोक पाडून देतो," असं गॅरेजवाला म्हणाला तर नको म्हणा. ड्रिलने उघडा पडलेला पत्रा गंजतो आणि आत वायरी असतात. जोरदार हवेचा फवाराही टाळावा. बऱ्याच गाड्यांत पुढच्या दारांमध्ये बाजूच्या एअरबॅगसाठी दाब ओळखणारा सेन्सर असतो, आणि आतला पडदाही सुटू शकतो. फट मोकळी झाली की वरून, काचेच्या कडेने, हलक्या धारेने पाणी सोडायचं. खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत.

पायाखालचा गालिचा भिजला की दोष दाराला जातो, तिथे मात्र थोडं थांबून पाहायला हवं. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली असेल, तर पाऊस नसतानाही एसी लावल्यावर ओल येते, बहुधा पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी. सनरूफच्या नळ्या तुंबल्या असतील, तर छताचं कापड किंवा खांबाचं आवरण ओलं लागतं. खरोखर दारातून पाणी येत असेल, तर संशय त्या पडद्यावर घ्या. नवे स्पीकर बसवताना किंवा काचेची दुरुस्ती करताना पॅड काढतात, पडदा ओरबाडून फाडतात आणि तसाच लोंबकळत ठेवून पॅड परत बसवतात. वरून काहीच कळत नाही. दाराचं काम करून घेताना पॅड बसवण्याआधी स्वतः बघा, पडदा चारही बाजूंनी नीट चिकटला आहे का.

पुराची गोष्ट वेगळी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. असं गढूळ पाणी दारात शिरलं, तर फटी मोकळ्या करून भागत नाही. पॅड उतरवून, आतला गाळ धुवून, जोडण्या कोरड्या कराव्या लागतात.

तुमच्या गाडीची परीक्षा मात्र घरच्या घरी होते. सगळ्या काचा पूर्ण वर करा आणि प्रत्येक काचेवर बाहेरून, अगदी पट्टीच्या कडेला, तांब्याभर पाणी हळूहळू ओता. मग दार जरासं उघडून खालची कड बघा. थेंब ठिबकू लागले तर दार ठीक आहे. तांब्या रिकामा झाला तरी एखादं दार कोरडंच राहिलं, तर हीर घेऊन त्याच दाराशी बसा.